तिसऱ्या शिट्टीनंतर

“गॅस कोणी बंद केला?” प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताच डोरोथी सिस्टरांनी विचारलं.

“मी गे,” आई म्हणाली. “तीन शिट्ट्यो झाल्यो.”

“मावशी, आत डाळ नाय, कात्र्या नि चिमटे हायेत!”

वर्सोव्याच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राची कॉइल सकाळीच जळली होती. शुभावहिनीचं सिझेरियन तासाभरावर आलेलं. सिस्टरांनी मला रिक्षाने पिटाळून घरचा मोठा कुकर मागवला होता. त्या वहिनीजवळ गेल्या, मी दादाला फोन करायला कोपऱ्यावर. तेवढ्यात सवयीने आईचा हात शेगडीकडे गेला.

“आता परत पयल्यापासून,” म्हणत सिस्टरांनी काडी ओढली.

डॉक्टर दारात आले. “नुसती उकळून घेतली असती तरी चाललं असतं, सिस्टर.”

“वीस मिनिटं द्या, डॉक्टर. बाळाचे ठोके आत्ताच बघून आले. चांगले हायेत.”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

आईचा चेहरा उतरला होता. “माझ्या भयणीच्या बाळतपणाक कातर पाण्यात उकळून घेतलेली,” ती पुटपुटली. “तरी धनुर्वात झालो. गेली.”

मी त्याच वर्षी बी.एस्सी. झाले होते. तिला सांगितलं, उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळतं. जाळ कितीही वाढवला तरी त्यापुढे तापत नाही, फक्त वाफ होऊन उडतं. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं तेवढी उष्णता सोसतात. कुकरात वाफ कोंडते, दाब वाढतो, म्हणून तेच पाणी एकशेवीसच्या आसपास उकळतं. तिथे ती मरतात. पण त्यांना वेळ द्यावा लागतो.

“म्हणजे मी घाई केलंय.”

“तुमच्या घाईवर रोज घर जेवतं, मावशी,” सिस्टर म्हणाल्या. “आज जरा बसा.”

त्या स्वतः मात्र बसल्या नाहीत. जाळ कमी-जास्त करत कुकरापाशी उभ्या राहिल्या.

मुलगी झाली. वहिनीला ताप आला नाही, टाके सुकले. घरी न्यायच्या दिवशी आई सिस्टरांना शोधत मागच्या अंगणात गेली. रात्रपाळी संपवून त्या बाकावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या, टोपी मांडीवर. पलीकडे वाळत घातलेल्या बोंबलांवरच्या माश्या त्यांच्या तोंडावर येत होत्या.

“उठवू?” मी विचारलं.

आईने बोट ओठांवर ठेवलं. शेजारी बसून ती पदराने माश्या वारू लागली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तिने मान वळवली नाही, फक्त मला हाताने खूण केली, त्याला थांबव.