व्याह्यांना दाखवलेलं घर

आमच्या मुलानं, कदिरेसननं, कोइम्बतूरच्या नायडूंची मुलगी पसंत केली, तेव्हा माझ्या नवऱ्याला, वैरवनला, आनंदही झाला आणि धास्तीही बसली. नायडूंची सुताची गिरणी होती, मुलगी एकुलती एक होती, आणि आमच्याकडे दाखवण्यासारखं फक्त कूळ होतं. म्हणून पहिल्याच भेटीत वैरवननं घर काढलं. आमच्या चेट्टियार जमातीतल्या माणसाला बोलायला दुसरं काही सुचलं नाही की तो गावाकडचं घर काढतो.

"या रस्त्यावर पुढचं दार, त्या रस्त्यावर मागचं," तो व्याह्यांना सांगत होता. "पुढं पाहुणा आला की मागं चुलीपाशी कळेपर्यंत भात शिजून होतो. आणि खांब! बर्मी सागाचे. जहाजातून आलेले. तुमच्या दोन हातांत मावायचे नाहीत."

"मग लग्न तिथंच करू की!" देवराजुलू नायडू म्हणाले. मोठा मोकळा माणूस. "कार्यालयात काय, कुणीही करतं. त्याआधी एकदा बघून येऊ. चौघं मिळून, तुमच्या गाडीनं."

ते गेल्यावर मी म्हटलं, "अहो, ते खांब तुम्हीच विकलेत."

"मी कुठं विकले? नाचियप्पननं विकले. मी नुसती सही केली."

सही कशी केली ते मी पाहिलं होतं. चुलतभाऊ नाचियप्पन कागद घेऊन चेन्नईला आला होता. वैरवननं ते गाडीच्या बॉनेटवर ठेवले, एका हातात कॉफीचा पेला तसाच धरला आणि दुसऱ्या हातानं सही ठोकली. वाचलंसुद्धा नाही. वाटणीला जे आलं त्यातून आम्ही आमच्या फ्लॅटला खोटं छत करून घेतलं. त्यात बारीक बारीक दिवे आहेत. त्यातले निम्मे लागत नाहीत.

"दर्शनी भाग आहे अजून," वैरवन म्हणाला. "तो दाखवू. आत काम चाललंय म्हणू."

तिरुचीला व्याही-विहीणबाई रेल्वेनं आले आणि तिथून आम्ही निघालो. वैरवन गाडी चालवत होता, शेजारी नायडू, मागं मी आणि सुलोचनाबाई. विहीणबाई फार कमी बोलत. मी काही विचारलं की हसायच्या आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायच्या. पुढच्या सीटवर मात्र घराचं बांधकाम जोरात चाललं होतं. पुदुकोट्टईपर्यंत भिंतींना अंड्याच्या पांढऱ्याचा गिलावा लागला. तिरुमयमचा किल्ला मागं पडला तेव्हा छताला इटलीहून आलेली झुंबरं लटकली. मी दोनदा खोकले, पण खोकल्यानं थांबणारा माणूस तो नव्हे.

कीळवयल हे आमचं गाव. रस्ते सरळ, रुंद आणि रिकामे. दोन्ही बाजूंना वाड्यांच्या भिंती, दारांना कुलपं, आणि मधूनच एखादी कोंबडी मालकिणीसारखी चाललेली.

"आता डावीकडचं," वैरवन म्हणाला आणि गाडी हळू केली.

डावीकडे आमचं घर होतं. म्हणजे दार होतं. दारावर गजलक्ष्मी होती, तिच्या दोन्ही बाजूंना चुन्याचे शिपाई होते, त्यातल्या एकाला डोकं नव्हतं. दाराला फळ्या नव्हत्या. त्यातून आरपार आभाळ दिसत होतं, आणि जिथं माझी सासू मला पहिल्यांदा औक्षण करायला उभी होती तिथं शेळ्या चरत होत्या. मागची भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, काहीच नव्हतं. नाचियप्पननं खांबांबरोबर बाकीचंही उचललं होतं, आणि सहीत तेही बसत होतं.

वैरवनच्या मानेवरची शीर हलली. त्यानं गाडी थांबवली नाही. वेग वाढवला.

"हे कुणाचं हो?" नायडूंनी विचारलं.

"आहेत एक," वैरवन म्हणाला. "नादान लोक. बापजाद्यांचं विकून खाल्लं."

मला हसू आलं नाही. शेळ्या बघितल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला होता. त्याच्याही पडला असणार, पण तो खड्डा बुजवायला त्यानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. दोन रस्ते ओलांडून एक वाडा होता, त्याचं दार सताड उघडं होतं. वैरवननं गाडी त्याच्यासमोर उभी केली, खाली उतरला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला, "आलं आपलं घर!"

"अहो!" मी म्हटलं.

"चपला बाहेर काढ, उमयाळ," तो म्हणाला.

आत कुणी नव्हतं. ओटीवर काळेभोर गुळगुळीत खांब, आत मोठा चौक, चौकाभोवती खोल्यांची दारं, दारांवर राघू आणि वेली. सगळं झाडलेलं, पुसलेलं. माझा नवरा त्या घरात असा चालला की मलाच क्षणभर वाटलं, हा इथंच जन्मला असेल. "या खोलीत आमचे मोठे काका. ही माझ्या वडलांची. इथं आम्ही पोरं दुपारी लोळायचो, फरशी गार असते ना."

भिंतीवर एका म्हाताऱ्याचं तैलचित्र होतं. पगडी, कानात हिऱ्याच्या कुड्या, चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा.

"हे?" नायडूंनी विचारलं.

"आमचे पणजोबा. रंगूनला पेढी होती."

"नाक अगदी तुमचंच," नायडू भाविकपणे म्हणाले.

सुलोचनाबाई खांबावरून हात फिरवत होत्या. त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खांबावरून हात फिरवला.

इतक्यात दारात एक माणूस आला. काखेत वही, हातात मापाची फीत. "वणक्कम! मी राजामणी, कारैकुडीहून. आच्ची म्हणाल्या होत्या, चेन्नईचे भाऊ येतील सौदा पक्का करायला. तुम्हीच ना?" आच्ची म्हणजे आमच्यातली मोठी, मानाची बाई.

वैरवन काही बोलायच्या आत त्यानं एका खांबाला फीत गुंडाळली. "ओटीवरचे सगळे आणि चौकातले आठ. दारं नंतर बघू. लॉरी शुक्रवारी येईल."

"खांब विकताय?" नायडूंचा चेहरा पडला. "वैरवन, या घरात आमची मुलगी येणार ना?"

माझा नवरा एरवी फोनवर चुकीचा नंबर लागला तरी माफी मागतो. पण त्या दिवशी तो जो काही उभा राहिला! "फीत काढ," तो म्हणाला.

"अं?"

"आधी ती फीत काढ! अरे, हे काय लाकूड वाटलं तुला? माझ्या पणजोबांनी समुद्रापलीकडून आणलेत हे. या खांबांना टेकून माझी आजी पोथी ऐकायची. आज हे विकू, उद्या काय, म्हाताऱ्याच्या कानातल्या कुड्या विकू? एक ढलपी मिळणार नाही तुला इथं!"

"पण आच्चींनी शब्द दिलाय. तीन महिने माझ्या मागं लागल्या होत्या त्या."

"घरचा पुरुष मी आहे! चालता हो!"

राजामणी वेड्यासारखा बघत राहिला. मग त्यानं फीत गुंडाळली. "तुम्हा चेट्टियार लोकांचं आधी एकमेकांत ठरू दे बाबा," म्हणत तो निघून गेला. नायडूंचे डोळे भरून आले होते. त्यांनी वैरवनला मिठी मारली. वैरवनचेही भरले होते, आणि ते खोटे नव्हते. शेळ्यांच्या जागी जे बोलायचं राहिलं होतं, ते तो इथं बोलून मोकळा झाला होता. फक्त घर चुकलं होतं.

मिठी सुटली तेव्हा मागच्या चौकाच्या दारात एक बाई उभी होती. साठीची, काटक, विधवेची पांढरी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हाताला तिखट लागलेलं. मागं मिरच्या वाळत घालत असणार. केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक.

ती बाई आमच्या चौघांकडे एकेक करून बघत गेली आणि शेवटी त्याच्यावर थांबली.

"आलास, तंबी?" ती म्हणाली. तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. "कळवायचं तरी. बसा, बसा. जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही."

"ही माझी... अक्का," वैरवन कसाबसा म्हणाला.

"नाच्चम्मै म्हणतात मला," ती नायडूंना म्हणाली. "यानं सांगितलं नाही? लहानपणापासून असाच. बोलतो भरपूर, कामाचं सांगत नाही. तंबी, मागच्या विहिरीत पडला होतास ते सांगितलंस का व्याह्यांना?"

"नाही... ते..."

"कुणी काढलं रे तुला?"

"तू," वैरवन म्हणाला.

"आठवतंय म्हणजे!"

मी तिच्यामागं स्वयंपाकघरात पळाले आणि सरळ पाय धरले. "आच्ची, माफ करा. आम्ही चोर नाही."

"ऊठ गं. कुणाच्या घरातली तू?"

मी सांगितलं. तिनं पणियारमच्या, म्हणजे आप्प्यांच्या, साच्यात तेल सोडलं. "शेळ्या चरतात ते? सही तुझ्या नवऱ्यानंच केली ना?"

"हो."

"बोलला मात्र झकास. मला क्षणभर वाटलं, माझे भाऊ असं का बोलत नाहीत?" तिनं पीठ ओतलं. "पण मला विकायचेच होते गं ते. माझी बहीण मदुरैला राहते, तिच्या शेजारचा फ्लॅट रिकामा झालाय. दोन खोल्या! लिफ्ट आहे! इथं जो येतो तो मान वर करून आढं बघतो आणि 'अहाहा' करतो. आच्ची, हे झाडतं कोण, असं आजवर कुणी विचारलं नाही."

मीही आत आल्यावर मान वरच केली होती.

जेवण वाढलं. काळ्या तांदळाचा गोड भात, पणियारम, लाल चटणी. नायडू मनसोक्त जेवले आणि हात धुऊन म्हणाले, "आच्ची, माझं ठरलं. लग्न याच चौकात."

वैरवनला ठसका लागला. मी पाणी पुढं केलं.

"तंबीचं घर आहे, मी कोण नाही म्हणणार?" आच्ची शांतपणे म्हणाली. "फक्त मागच्या छपराची कौलं गेलीत, विहिरीचा कठडा पडलाय, आणि भिंतींना चुना हवा. पण घरचा पुरुष आहे ना आता! करेल तो. काय, तंबी?"

"करीन, अक्का," माझा नवरा म्हणाला.

आणि त्यानं केलं. सहा महिने दर शनिवारी चेन्नईहून तो गाडी हाकत जायचा. कौलं आणली, गवंडी धरून आणला, चुना मळताना स्वतः उभा राहिला. ज्यानं आपलं घर कॉफी पिता पिता सोडलं, तो दुसऱ्याच्या घराच्या एका कौलासाठी दुकानदाराशी भांडत होता. "पणजोबांच्या वेळचं असं नव्हतं," असं तो मलाही सांगायला लागला, तेव्हा मी त्याला हटकायचं सोडून दिलं. आच्चीही त्याला राबवून घेई. "तंबी, तो कोपरा राहिला." "तंबी, पुढच्या वेळी येताना नारळाचा काथ्या आण." आमच्या घरात त्याला कुणी इतकं हक्कानं कधी रागावलं नव्हतं. तो खूश होता.

लग्न थाटात झालं. आच्ची वरमाईहून जास्त मिरवली. तिचे खरे भाऊ आले होते, ते वैरवनला आपलाच कुणी लांबचा भाऊबंद समजून मान देत होते. पंगत उठल्यावर सुलोचनाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"त्या दिवशी दारावर कोरलेली मालकाच्या नावाची अक्षरं वाचली होती मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या घराण्याची नव्हती ती."

मी इकडंतिकडं पाहून हळूच विचारलं, "मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? गिरणी माझ्या दिरांची आहे. आमचे हे तिथं हिशेब बघतात." त्यांनी विडा तोंडात टाकला. "मुलं बरी आहेत ना, बास."

लग्नानंतर महिन्याभरात आच्चीनं खांब विकले. चुना लागलेलं, उजळ घर बघून राजामणीनंच जास्त देऊ केलं. फोन आला तेव्हा वैरवन हातातलं ताट तसंच ठेवून खोलीत जाऊन बसला. त्याच्या वडलांच्या वेळी तो एवढा रडला नव्हता.

पुढच्या महिन्यात आम्ही तिला भेटायला मदुरैला गेलो. वाटेत तो काय काय बोलायचं ते ठरवत होता. तिला एकटं वाटत असेल, जुन्या आठवणी येत असतील, तिला धीर द्यायला हवा. तिसऱ्या मजल्यावर आच्चीनं दार उघडलं तेव्हा तिनं पांढरी सोडून नवी जांभळी साडी नेसली होती, केसांत फुलं तेवढी नव्हती.

"अरे तंबी! आधी फोन नाही करायचा? आम्ही बायका कोडैकनालला निघालोय, खाली बस उभी आहे."

"अक्का, घराची फार आठवण येत असेल ना?" वैरवननं विचारलं. आवाज आधीच कापरा.

"घराची?" ती क्षणभर आठवत राहिली. "सकाळी दहा मिनिटांत झाडून होतं बघ सगळं. मग मी मोकळी."

तिनं आम्हाला उभ्या उभ्या कॉफी दिली, पेले विसळले, पिशवी खांद्याला लावली आणि आमच्याबरोबरच लिफ्टनं खाली उतरली. बसमधल्या बायका तिला हाका मारत होत्या. खिडकीची जागा मिळाली म्हणून ती खूश दिसली.

बस वळणावरून गेली तरी वैरवन हात हलवत उभा होता.

"चला," मी म्हटलं.

"बरी दिसली नाही ती मला," तो म्हणाला. "आतून फार खचलीय."