खोगिरातलं भोक

जीनगराचा हिशोब सरळ होता. घर-छप्पर न करता घोड्यांवरच जगणाऱ्या बिनछपऱ्यांच्या म्हातारीने आणलेलं एवढं एक खोगीर तिच्या मनासारखं झालं, की साऱ्या टोळीची खोगिरं त्याच्याच दुकानात यायची. मग त्याने बाजारातून छाती काढून चालावं, सासऱ्याने चारचौघांत जावयाचं नाव काढावं, आणि बसल्या जागी मिशीला पीळ द्यावा. शिवणार कोण, हा प्रश्न या हिशोबात नव्हताच. शिवायचं बायकोने आणि सांगायचं नवऱ्याने, हे लग्नापासून ठरलेलं.

म्हातारीने फक्त पाय ठेवायच्या रिकिबीची वादी बदलायला सांगितली होती. पण खोगिराच्या पुढच्या उंचवट्याखाली भाला घुसल्याचं भोक होतं, आणि जीनगराच्या बायकोला उघडं भोक बघवत नसे. तिने आतून चामडं लावून ते असं बुजवलं, की वरून बोट फिरवलं तरी कळू नये.

आज टोळी खोगीर न्यायला आली तेव्हा ती मागच्या खोलीत, पडद्याआड, दोऱ्याला मेण घासत बसली होती. बिनछपरे घोडी बांधत नाहीत. एक घोडं तर मुंडकं घालून गिऱ्हाइकासारखं दुकानातच डोकावत होतं.

"वादी चांगली झाली," म्हातारी घोड्यावरूनच म्हणाली. मग चामड्यावरून नख फिरल्याचा आवाज आला. "आणि हे? हे कोणी शिवलं?"

"हाच हात, आजीबाई!" जीनगर खुलला. "तुम्ही सांगितलं नव्हतंत, पण म्हटलं, आपलीच माणसं."

बाहेर धप्प, धप्प असे माणसं खाली उतरल्याचे आवाज आले. बिनछपरा घोड्यावरून उतरतो तो मेल्यावर, नाहीतर मारायला, असं बाजारात म्हणत. पडद्याआड मेणाचा गोळा हातातून निसटला.

"माझा लेक या खोगिरात गेला," म्हातारी शांतपणे म्हणाली. "मरण ज्या भोकातून आत येतं, त्यातूनच बाहेर पडतं. म्हणून आम्ही वर्षभर ते खोगीर रिकाम्या घोड्यावर फिरवतो, वारा लागू देतो. तुम्ही मरणाला आत कोंडलंत. आता ज्याने कोंडलं, त्याने या खोगिरावर बसायचं आणि लढाईत सगळ्यांच्या पुढे राहायचं. ते बाहेर पडेपर्यंत."

"बाहेर पडेपर्यंत म्हणजे?"

"भाला लागेपर्यंत."

"अहो, उसवून देतो की! आत्ता, इथल्या इथे!"

"उसवलेलं भोक नवं असतं. मरण ते ओळखत नाही."

नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. आता तो काय बोलणार, हे त्याच्या आधी तिला कळलं.

"आजीबाई, खरं सांगतो," त्याचा आवाज चिरकला, "मला धड सुई धरता येत नाही हो! बायकोने शिवलं. अगं ए, बाहेर ये! सांग यांना!"

पडदा म्हातारीनेच सारला. तिच्यामागे भाले होते, आणि भाल्यांच्या मधोमध चुन्यासारखा पांढरा पडलेला नवऱ्याचा चेहरा.

"दुसऱ्यावर ढकललेला बोल आम्ही धरत नाही," म्हातारी म्हणाली. "ज्याचं त्याने कबूल करायचं. बोल पोरी, तुझा हात?"

मेणाने चिकट झालेली बोटं तिने पाठीमागे नेली. खरं बोलायला तोंड उघडलं होतं, असं तिला पुढे नेहमी वाटत राहिलं.

"नाही. मला साधं बटणसुद्धा लावता येत नाही."

"अगं!" नवरा म्हणाला. एवढंच.

जन्मभर खोगिरं विकलेला हा माणूस घोड्यावर कधी बसलाच नव्हता. दोघांनी उचलून बसवला, तसा तो घसरायला लागला. "धरा, धरा! पडेन मी!"

"नाही पडणार," एक स्वार म्हणाला. "शिवलंय मजबूत."

म्हातारीला लेकाची जागा भरून मिळाली. टोळीचं काम पलीकडच्या जीनगराकडे गेलं. त्याचा टाका ओबडधोबड, पण न सांगता तो काही शिवत नाही. न घातलेल्या टाक्यासाठी नवऱ्याचा लढाईत जीव गेला. बायको सुटली. फक्त तिचा टाका कोणी ओळखू नये म्हणून तिने सुई सोडली, आणि कोपरावर फाटलेली बाही तशीच घालून ती बाजारात जाते.