शेंदूर लावलेली कडी

चार मंगळवार मारोतरावांनी मुकाट्यानं खोबरं खाल्लं. पाचव्या मंगळवारी मुलानं, कमलेशनं, कागदातला प्रसाद पुढे केला, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "कोणत्या देवाचा रे हा?"

"कडीचा," कमलेश म्हणाला. "आमच्या शेडच्या छतावरची, पट्टे अडकवायची. आमच्यातला गोलू घसरला तवा त्याचा सेफ्टीचा पट्टा तिलेच अडकवला होता, म्हणून वाचला. आता सगळे तिलेच हूक लावतात. लकी है."

मारोतरावांनी हातातलं खोबरं परत कागदात ठेवलं. तीस वर्षं त्यांनी प्लांटमध्ये उंचावर दोर-साखळ्या बांधायचं, रिगरचं काम केलं होतं. कडीनं एकदा माणूस झेलला की ती बाद. काढायची अन् नवी लावायची, हे त्यांनी घरात शंभरदा सांगितलं होतं. अन् पोटचा पोरगा तिच्यापुढे नारळ फोडत होता!

"नारळ कोण आणते?"

"ऋषभसाहेब. सुपरवायझर."

वा रे सुपरवायझर! नवी कडी आणायची सोडून नारळ आणतो. मारोतरावांनी प्रसादाचा कागद दुमडून खिशात घातला.

सकाळी आपला जुना पट्टा घेऊन ते कमलेशसोबत हथखोजच्या त्या शेडवर गेले. कमलेशला आज पत्रे बदलायला वर चढायचं होतं. 'कडी पाहतो' म्हणताच शिडीपाशी ऋषभ आडवा आला. "काका, लोकांची श्रद्धा आहे तिच्यावर."

"लोकाईची श्रद्धा हाये, तुले काय झालं? तुले तर शिकवलं असन ना? बाजूला हो."

बापलेक वर गेले. मारोतरावांनी शेजारच्या धड कडीला हूक लावला, खाली वाकले अन् फडक्यानं शेंदूर घासून काढला. शेंदराचा बोटभर थर निघाला. खाली कडीच्या लोखंडी पट्टीला बोल्टच्या भोकापासून काठापर्यंत तडा गेला होता. नख आत जात होतं.

कमलेशनंही नख घालून पाहिलं. "शेंदूर मीच लावत होतो, बाबा," तो हळूच म्हणाला.

मारोतरावांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग चार मंगळवार आपणही न विचारता खाल्लं, हे आठवलं अन् स्वतःचीच चीड आली.

खाली येऊन त्यांनी टेबलाशी बसलेल्या ऋषभला तडा सांगितला. "सोमवारी नवी मागवतो, काका. आजच्या दिवस संभालून करून घेतील पोरं."

मारोतरावांनी खिशातला कागद उलगडून त्याच्यापुढे ठेवला. "हा प्रसाद खा, बापू. अन् त्याच कडीले हूक लावून पहिले तू चढ. मंग माह्या पोराले पाठव."

ऋषभनं खोबऱ्याला हात लावला नाही. कमलेशनं पट्टा सोडून टेबलावर ठेवला. मागे उभ्या चौघा कामगारांनीही आपापले पट्टे सोडले.