फोटोतली कांता

“बाबा, ओढू नका!” कांता ओरडली, तोवर शिवरामने कागद ओढलाही होता.

कागदावर कांताच होती, पण नखशिखांत पिवळी. कावीळ झाल्यासारखी.

“अगं, बाहेर आला म्हणून घेतला,” शिवराम ओशाळून म्हणाला.

पोपटमामाने मस्कतहून आणलेला हा डब्याएवढा प्रिंटर. त्याच्याच कॅमेऱ्याला जोडायचा, की घरच्या घरी फोटो. कागद आत-बाहेर करत आधी पिवळा, मग लाल, मग निळा रंग चढतो, हे मामाने चांगलं बजावून सांगितलं होतं. पण ऐकतो कोण! “वापरून बघा, पटला तर ठेवून घ्या,” म्हणत मामा जयभीम करून गेला, आणि विठ्ठलवाडीच्या त्या दोन खोल्यांतल्या रविवारचं पार वाटोळं झालं.

हा सगळा खटाटोप खडवलीच्या स्थळासाठी. मागच्या खेपेला स्टुडिओवाल्याने कांताला फोटोत अशी काही उजळवली, की बघायला आलेल्या बाईंनी चहाचा कप हातात घेऊन विचारलं, “ही थोरली का? फोटोतली कुठाय?” थोरली न् धाकटी, घरात एकच मुलगी! ठाण्याच्या दवाखान्यात दिवसभर केसपेपर लिहिणाऱ्या कांताला तो प्रश्न आजही कानात ऐकू यायचा.

दुसरा कागद अर्ध्यावर असताना लाइट गेली. तोही वाया. आली तेव्हा सगळ्यांची डोकी तापलेली होती. तिसरा मात्र नीट आला. काळी, ठसठशीत कांता, हनुवटीवर लहानपणच्या पडण्याचा व्रण. कांताला बरं वाटलं. हीच मी, असं तिला कितीतरी दिवसांनी वाटलं.

“अगं बाई, किती काळपट! मशीनच भिकार दिसतंय,” आई, म्हणजे रमाबाई, म्हणाली.

“मशीन बरोबर आहे, आई.”

पण रमाबाईला तोवर सूर्याचं चित्र असलेलं बटण सापडलं होतं. ते तिने दाबलं, दाबलं, आणखी दाबलं. शेवटच्या कागदावर दुधाळ चेहऱ्याची कोणीतरी मुलगी उमटली. व्रणसुद्धा गायब.

“आता कशी छान!” तिने तो फोटो पाकिटात घातला.

कांताचं डोकंच फिरलं. “पाठव तिला! आणि त्यांनी पसंत केली ना, तर लग्नही तिचंच लाव!”

“मी काय वैरीण आहे का गं तुझी?” रमाबाईचा आवाज चिरकला.

कोणी जेवलं नाही. कांताने आपला फोटो पर्समध्ये रेल्वेच्या पासामागे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. “मग, मशीन ठेवायचं का?” शिवरामने चाचरत विचारलं.

सकाळी निघताना तिने पर्स उघडून पास आहे ना ते पाहिलं. पासामागे तो दुधाळ फोटो होता. तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

“आई! माझा फोटो कुठाय?”

रमाबाई शेगडीपाशी पाठमोरी बसली होती. “बाबा गेलेत पाकीट पोस्टात टाकायला,” ती म्हणाली. “तुझाच घातलाय. आणि ते मशीन पोपटला परत देऊन टाका म्हणावं. नको मला.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. रमाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं, ती पदराने डोळे पुसत होती. कांताने पर्स खाली ठेवली आणि पुढे होऊन भाकरी उलटली.