चौथी खुंटी

ज्या झोरखांनी निम्म्या जगातल्या मुलांची झोप उडवली, त्यांना आम्ही स्टुडिओत पिंपं म्हणतो. बत्तीस वर्षं चाललेल्या मालिकेतले हे परग्रहावरचे खलनायक. काळे, माणसापेक्षा वीतभर उंच, ना तोंड ना डोळे. बोलत नाहीत. सरकत येतात, थांबतात आणि तसेच उभे राहतात. त्या नुसत्या उभं राहण्याने बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आत एक घामाघूम माणूस अनवाणी पायांनी चाकं ढकलतोय, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. येऊ नये यासाठीच आम्हाला पगार मिळतो.

माझं काम झाकणाचं. माणूस आत गेला की पाठीमागचं झाकण बाहेरून चार खिट्ट्यांनी लावायचं, सुट्टी झाली की काढायचं. आतून ते उघडत नाही. आत शिरताना प्रत्येकजण चपला माझ्याकडे देतो आणि मी त्या त्याच्या नंबरच्या खुंटीला अडकवते. खुंटीला चपला असल्या तर आत माणूस, नसल्या तर पिंप रिकामं. सात पिंपांपैकी चारांत माणसं असतात, तीन नुसती गर्दीला, दोरीने ओढायची. सतरा वर्षांत मी माणसं कधी मोजली नाहीत, खुंट्याच बघितल्या.

चौथी खुंटी माझ्या थोरल्या भावाची. दादा पहिल्या भागापासून आत आहे. आता एकसष्टचा झाला. दीड वर्षापूर्वी त्याच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. हे घरी ठाऊक, स्टुडिओत नाही. तब्येतीच्या फॉर्मवर 'कोणताही त्रास नाही' हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. त्याने गळ घातली आणि मी मूर्खासारखं लिहिलं.

त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं.

"आता बास कर दादा. किती दिवस आत घुसणार?"

"तू झाकण लाव. डॉक्टरकी नको."

"उद्या काही झालं तर वहिनीला तोंड कसं दाखवू?"

"दाखवण्यासारखं आहे का ते," तो म्हणाला आणि आत शिरता शिरता दोन्ही चपला माझ्या हातात कोंबल्या. "एकीचा पट्टा तुटलाय. जेवणाच्या सुट्टीत शिवून आण."

माझं डोकं फिरलेलं. चपला पिशवीत टाकल्या, खिट्ट्या जरा जोरातच लावल्या. खुंटीकडे हात गेलाच नाही.

सुट्टी झाली. तीन खुंट्यांवर तीन जोड होते, मी तीन झाकणं काढली, माणसं बाहेर आली आणि झाकणं परत लावून टाकली. चौथी खुंटी मोकळी दिसली. सुट्टीआधीच्या शेवटच्या शॉटला तीनच पिंपं होती, तेव्हा वाटलं, स्वारी रुसून आधीच निघून गेली, दुसऱ्या कुणीतरी झाकण काढलं असेल. भांडलेल्या माणसाला कोण शोधत बसतं? लाइटवाल्याने नेहमीप्रमाणे सगळ्या पिंपांच्या बाहेरच्या खणातल्या बॅटऱ्या चार्जिंगला नेल्या. आतला छोटा पंखा त्याच बॅटरीवर चालतो. मग त्याने हॉलला कुलूप लावलं.

कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्याने चपला उलटसुलट केल्या.

"दोन्ही ठेवून जाता? मग मालक काय अनवाणी फिरतायत?"

मी हसले. तोंड उघडं होतं तेवढ्यात कळलं. मालक अनवाणीच होता. त्याला तसं मीच आत कोंडलं होतं.

चपला तिथेच टाकून पळाले. उन्हात, भर रस्त्यात, पन्नाशीची बाई पळते तशी, म्हणजे लोक वाट देतात आणि वळून बघतात. सुट्टी होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. पंखा नाही. आतून स्पंजचं जाड अस्तर, ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नाही. लाइटवाला जेवत होता. त्याच्या पट्ट्याची किल्ली मी न विचारता ओढून घेतली.

हॉलमध्ये सात पिंपं भिंतीशी ओळीने ढकलून ठेवलेली. नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला. बाहेर काही खूण ठेवायची नाही, सगळे झोरख हुबेहूब दिसले पाहिजेत, ही दिग्दर्शकाची सक्त ताकीद. आमची रीत अशी की बाहेरून तीनदा ठोकलं की आतल्याने एकदा ठोकायचं. मी पहिल्यावर ठोकलं, दुसऱ्यावर, सातही पिंपांवर. कुठूनच उत्तर आलं नाही.

एका झाकणाला मिनिट लागतं. सात झाकणं, सात मिनिटं. आधी कुठलं उघडू? मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी चार पावलं मागे सरले. तेव्हा दिसलं. सहा पिंपं सरळ उभी होती. एक बोटभर डावीकडे कललेलं. दादाचा उजवा गुडघा तरुणपणीच कामातून गेलाय. तो कुठेही थांबला तरी सगळा भार डाव्या पायावर टाकतो.

झाकण निघताच तो माझ्या अंगावर कोसळला. चिंब भिजलेला, ओठ पांढरे. मी त्याला जमिनीवर निजवलं, बटणं काढली, पुठ्ठ्याने वारा घातला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"शॉट झाला?"

"झाला रे. कधीच."

"चप्पल?"

"शिवायला टाकलीय," मी म्हणाले. त्याने माझं मनगट धरलं. "तुझ्या वहिनीला सांगू नकोस."

वहिनीला नाही सांगितलं. पण दिग्दर्शकाला सगळं सांगितलं, फॉर्मसकट. दादाला दवाखान्यात पाठवायला गाडी मागवली. मग दिग्दर्शक म्हणाले, "चौथं रिकामंच उभं करा. पडद्यावर कुणाला कळतंय?" दादा दारातच बसला होता, त्याने ऐकलं. बत्तीस वर्षांचा हिशेब एका वाक्यात झाला. तो पाणी पीत राहिला.

घरी त्याने ठोकून दिलं की आता आपण नव्या मुलांना शिकवतो आणि हा भाग आपला शेवटचा. पाच आठवड्यांनी तो भाग लागला. वहिनीने काम आटोपून खुर्ची टीव्हीसमोर ओढली. मी दादाच्या शेजारी बसले. पडद्यावर धूर झाला, सात झोरख सरकत आले आणि थांबले.

वहिनी पुढे वाकली. "यात तुम्ही नाही."

"आहे की," दादा म्हणाला. "तो बघ, चौथा."

"चौथा सरळ उभा आहे. बत्तीस वर्षं दर आठवड्याला बघतेय मी. तुम्ही एकदा तरी सरळ थांबलात का?"

दादा खाली आपल्या पावलांकडे बघत राहिला. वहिनी माझ्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

"काय झालं होतं?"

मी टीव्ही बंद केला आणि चपलांपासून सांगायला सुरुवात केली.