लोळोबाचे सात लाभ

त्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं, की शाळेचं फाटक मला नाकानेच शोधावं लागलं. पाहुणे येणार होते म्हणून मला आंघोळ घातलेली, गळ्यात नवा निळा पट्टा. आणि त्याच दिवशी माझी नोकरी गेली.

मी शाळेतला कुत्रा. मुलं मला लोळोबा म्हणत. सात वर्षं शाळेत काढली, तरी एक अक्षर ओळखीचं झालं नाही. तेव्हा जे सांगतोय ते सावकाश ऐका.

माझा जन्म एका गॅरेजमागच्या जुन्या टायरमध्ये. राखणीला ठेवलं, तर मी कुणावरच भुंकेना. मालक म्हणाला, "हा चोराला बसायला देऊन पाणी विचारेल!" मग कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका बाईंनी मला नेलं. आरडाओरडा झाला तरी दचकायचं नाही, शेपूट ओढली तरी गुरगुरायचं नाही, हे वर्षभर शिकवलं आणि शाळेला दिलं. सांभाळायला शिपाईकाका.

माझं काम काय, तर वाचनालयात चटईवर पडून राहायचं. रडत आलेलं पोर माझ्या पाठीवर हात ठेवी. माझा श्वास संथ, हळूहळू त्याचाही संथ होई. अडखळत वाचणारी मुलं मला वाचून दाखवत, कारण मी चुका काढत नाही. शाळा म्हटलं की पोट दुखणारी दोघं-तिघं तर माझ्यासाठी यायला लागली. यात माझी हुशारी काही नाही. माणसांना गप्प बसून ऐकता येत नाही, एवढंच.

मग नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी दारावर फलक लावला, शिपाईकाकांनी मला वाचून दाखवला, 'श्वानाचे सात लाभ'. आणि मला बक्षीस करून टाकलं. कार्डावर चांगल्या वागणुकीच्या दहा चांदण्या चिकटल्या, की माझ्यासोबत दहा मिनिटं. ज्याचं सगळं ठीक चाललंय त्यालाच औषध! असली अक्कल आम्हा कुत्र्यांत नसते. चांदणीवाली मुलं येत, घड्याळ बघत, वर्गाच्या बाई फोटो काढत, की संपलं.

तिसरीतली एक मुलगी मात्र काचेच्या दाराबाहेर उभी असे. आई वारल्यापासून ती शाळेत कुणाशी बोलत नव्हती. पूर्वी रोज माझ्या कानात कुजबुजत वाचायची. आता न बोलणारीला चांदणी कोण देणार?

शिपाईकाकांनी विचारून पाहिलं, "साहेब, पाच मिनिटं बसू द्या तिला. पोरगी पार मिटत चाललीय."

"काका, नियम सगळ्यांना सारखा. तिने वर्गात एकदा 'हजर' म्हणावं, मी स्वतः चांदणी लावतो."

"अहो, तेच तर येत नाही ना तिला."

"मग प्रयत्न करू दे!"

आणि हा माणूस शिकलेला. मी त्यांच्याकडे पाठ फिरवून झोपलो.

तर त्या धुक्याच्या दिवशी मला पाहुण्यांपुढे व्यासपीठावर बसवलं. सर्वांत जास्त चांदण्यांचा मुलगा भाषण ठोकत होता, लोळोबामुळे माझा आत्मविश्वास कसा वाढला म्हणून. मला हात लावला की हा रुमालाला बोटं पुसतो! मागे चपलांच्या कपाटापाशी ती बसली होती. तिची धाप मला व्यासपीठावर ऐकू येत होती.

मी उठलो.

"बस!" मुख्याध्यापक पाहुण्यांकडे बघून हसत म्हणाले. मग दात आवळून, "लोळोबा, बस म्हणतो ना!"

सात वर्षांत पहिल्यांदा मी ऐकलं नाही. रांगांमधून सावकाश चालत गेलो आणि तिच्या पायांवर आडवा झालो. तिचे हात माझ्या केसांत शिरले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "किती जड आहेस रे तू."

पहिली टाळी मुख्याध्यापकांनीच वाजवली. "बघा! लाभ क्रमांक आठ!"

दुपारी त्यांनीच मला काढल्याचा कागद केला, 'कुत्रा आज्ञा पाळत नाही.' फलकावर आठवा लाभ रंगवलाय म्हणे. रंगवू देत.

आता मी शिपाईकाकांच्या अंगणात असतो. शाळा सुटली की तिचे बाबा तिला तासभर इथे सोडतात. ती माझ्या कानाशी वाचते. वर्गात अजून 'हजर' म्हणत नाही, कार्ड कोरंच आहे. सध्या ती वाचते ती गोष्ट एका बोक्याची आहे, तेवढं मी सहन करतो. तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी असेल, तर कृपा करा, त्याला बक्षीस करू नका.

शेजारच्या आजींचा माझ्यावर पहिल्यापासून राग. धुतलेल्या कपड्यांवर केस उडतात म्हणून. काल त्या तरातरा कुंपणाशी आल्या. म्हटलं, आता पाणी ओततात अंगावर. तर त्या वाकून मलाच म्हणाल्या, "ए म्हाताऱ्या, तिला सांग, जरा मोठ्याने वाच म्हणावं. त्या बोक्याचं पुढे काय झालं, मला काही ऐकूच आलं नाही."