दोन किलोला चार ग्रॅम कमी

माझ्या तीनशे बाराव्या पानावर, ‘इनसाइट’ या शब्दापाशी, पेन्सिलचे सात ठिपके आहेत. सातवा इतका दाबून दिला आहे, की पानाच्या मागेही तो बोटाला लागतो.

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पाठ सैल झाली आहे, कोपरे दुमडले आहेत. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मुलीच्या जन्माच्या वर्षी मला घरी आणले आणि आणताच काट्यावर ठेवले. दोन किलोला चार ग्रॅम कमी. लोक पुस्तक चाळून पाहतात. याने वजन पाहिले.

मुलगी वाचू लागल्यावर त्याने नियम घातला. शब्द पाहिला की ठिपका द्यायचा, तिसऱ्या ठिपक्याला समासात त्याचे वाक्य लिहायचे. समास भरत गेले. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती वाक्ये कौतुकाने दाखवी. मलाही बरे वाटे.

‘इनसाइट’चा समास तेवढा कोरा राहिला. अर्थ मी दिला आहे : सखोल जाण, गोष्टीच्या आत शिरून मर्म ओळखणे. वापरही दिला आहे : ती एखाद्या विषयातली असते, आणि कधी एकाएकी येते. कॉलेजात मुलगी हे घडाघडा म्हणे. वाक्य सुचत नसे. कॉलेजातले काहीच तिच्या आत उतरत नव्हते. वर्षभर ती संध्याकाळी मला घेऊन बाबांच्या दुकानात येई, “बाबा...” म्हणे आणि पाणी मागे. बाबांना मुलगी पदवीधर झालेली पाहायची होती.

यंदा हवा फार दमट होती. काटे ज्याच्याशी जुळवायचे ते दुकानातले दोन किलोचे वजन सरकारी तपासणीला गेलेले. म्हणून कारागिराने मला काट्यावर ठेवले, चार ग्रॅम हिशेबात धरले आणि माझ्या वजनाशी जुळवून तीन काटे लावून दिले. आठवड्याने किराणा दुकानदार आपला काटा आणि आपले वजन घेऊन परत आला.

“काका, तुमचा काटा गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतोय. माझं दुकान आहे, अन्नछत्र नाही.”

त्याचे दोन किलोचे वजन साठ ग्रॅम कमी दिसत होते. कारागिराने काटा दोनदा उघडला, स्प्रिंग बदलली. तेच. इतक्या वर्षांत काटा कधी परत आला नव्हता.

मुलीने मला उचलले आणि हातावर तोलून पाहिले.

“बाबा, काट्यात काही नाही. कोश जड झालाय. कागद हवेतलं पाणी पितो.”

“तुला कसं कळलं गं?”

“रोज उचलते ना. हाताला कळलं.”

दुकानदाराच्या वजनावर काटा पुन्हा लावला. मग मला ठेवले. पूर्वीपेक्षा साठ ग्रॅम जास्त.

“गिळलं पाणी यानं, बोलणी खाल्ली मी,” कारागीर म्हणाला. दुकानदार हसत काटा घेऊन गेला.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. मला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून पाने उलटा. आणि अर्थ पाठ झाला म्हणून शब्द आपला झाला, असे समजू नका.

मुलीने पेन्सिल घेतली. तीनशे बाराव्या पानाच्या समासात, वळणदार इंग्रजीत, एक वाक्य लिहिले. माझ्या वडिलांना काट्यांची इनसाइट आहे, आणि मला ती हवी आहे.

“बाबा,” ती म्हणाली. या वेळी तिने पाणी मागितले नाही. “मी कॉलेज सोडतेय. मला काटे लावायला शिकवा.”